बदली मिळण्याबाबत

सातपूर, नाशिक
१७ नोव्हेंबर २००२

तीर्थरूप मामांना नवनाथचा दंडवत.

मामींचा गुडघा कसा आहे? भात झोडून झाले का? तुमचा जावई धडधाकट परतला हे संजनाने कळवलेच असेल. दिवाळीला सुरगाण्याला आलो नाही. त्याचे कारण लांबलचक आहे, सवडीने वाचावे.

मी दोन ठिकाणी नोकर आहे हे तुम्ही जाणताच. एरवी रबराच्या कारखान्यात प्रेसवर, आणि वर्षातले दोन महिने प्रादेशिक सेनेत (म्हणजे हंगामी शिपाई, गरज पडली की बोलावतात, सरली की घरी पाठवतात). कारखान्यात मला मेजर म्हणतात, पलटणीत कारखानेवाला. यंदा जानेवारीत सीमेवर बोलावले आणि दोनाचे दहा महिने झाले. आम्ही लोकांच्या गव्हात सुरुंग पेरले आणि मग त्यांवर कोणी पाय देऊ नये म्हणून राखण केली. शत्रू एकदाही दिसला नाही. शेताचा मालक दिसायचा. रोज तारेपाशी यायचा, पीक बघायचा, परत जायचा. तुम्ही असतात तर त्याच्याशी दोन शब्द बोलला असतात. मला सुचले नाहीत. (अंगातली कारखान्याची पाळी मात्र गेली नव्हती. एकदा दुपारचे तीन वाजले तसा मी मोर्चावरून उठून चालू लागलो. हवालदाराने विचारले, "किधर?" मी म्हणालो, "पाळी सुटली." त्यानंतर वाळूचे पोते पाठीवर घेऊन संध्याकाळपर्यंत पळालो. ओव्हरटाइम म्हणायचा.)

आता मुख्य गोष्ट. जाण्याआधी मी कारखान्यात अर्ज दिला होता : "पलटणीत जाणे असल्याने बदली मिळावी, ही विनंती." आमच्या खात्यात बदली म्हणजे आपण येईपर्यंत आपल्या जागी उभा राहणारा माणूस. पलटणीतही तेच. पहाऱ्यावर दोन तास झाले की कोणीतरी ओरडतो, "बदली आ गया", आणि आपण चहाला जातो. माणूसही मीच दिला होता, तुमचा भिकन. पण ऑफिसात साहेब नवे आले होते. ते आधी सरकारी खात्यात होते आणि तिथे बदलीचा एकच अर्थ. त्यांनी अर्ज वाचला आणि (दयाळू माणूस) मंजूर केला. मी परतलो तेव्हा फायलीत आदेश होता : विनंतीनुसार बदली, गोंदियाचे गोदाम, पहारेकरी. "सैनिकी अनुभव लक्षात घेऊन" असेही खाली लिहिले आहे. रिकाम्या झालेल्या प्रेस नंबर चारवर भिकनला कायम केले आहे.

आमचे सुपरवायझर रावजी म्हणाले, "मेजर, तोंड का पाडता? तुम्हीच मागितली, तुम्हालाच मिळाली."

मी म्हणालो, "रावजी, मी माणूस मागितला होता."

"मग माणूसही मिळाला की. पक्का मिळाला."

त्या प्रेसवर मी बारा वर्षे काढली. उजव्या हाताची दोन बोटे तिच्यामुळेच नीट मिटत नाहीत. साहेबांना भेटलो. ते म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत गोंदियाला हजर व्हा. तोवर चार नंबर रिकामा झाला तर आदेश फिरवू. रिकामा कसा होणार? भिकन चांगले काम करतो. माझ्यापेक्षा पाळीला वीस नग जास्त काढतो (मी दारातून मोजले). त्याच्यावर माझा राग नाही. दिवाळीला आलो असतो तर कायम झाल्याचे पेढे त्याच्या हातून घ्यावे लागले असते, एवढेच.

मामींना व घरच्या सर्वांना नमस्कार.

आपला,
नवनाथ

ता. क. : भिकनला प्रादेशिक सेनेत जायचे आहे. येत्या गुरुवारी देवळालीला भरती आहे. काल म्हणाला, "दाजी, बापाला तुमीच सांगा. तुमचा शबूद तो मोडायचा नाय." तरी परवानगी द्यावी. पलटण चांगली आहे, जेवण वेळेवर मिळते. वर सुरुंगांविषयी लिहिले आहे ते फार मनावर घेऊ नये. भरती झाला की तो लगेच प्रशिक्षणाला जाईल आणि प्रेस रिकामी होईल. माझा अर्ज तयार आहे. त्यात बदली हा शब्द घातलेला नाही.

ता. क. २ : पाकीट फोडून लिहीत आहे. भिकन आत्ता इथेच आहे. माझे बूट घालून ओट्यावर पाय आपटत चालतो आहे. बूट त्याला मोठे होतात. संजना हसते आहे. परवानगी देऊ नका. खळ्यावर माणूस नाही म्हणा, मामींचा गुडघा म्हणा, काहीही म्हणा. मी कळवले हे त्याला सांगू नका. मी उद्या गोंदियाला हजर होतो.