मामी त्रयस्थ आहे काय?

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. तुमची प्रकृती ठीक असेल. इथे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून. तुमच्याकडून चार दिवस राहायला आलेली मामी परवापर्यंत फारच खुशाल होती आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

रविवारी क्लबात गोल्फची अंतिम लढत होती, मी विरुद्ध आमचे दातांचे डॉक्टर (माझी अक्कलदाढ त्यांनीच उपटलेली, त्यामुळे त्यांच्यासमोर मी आधीच बिचकतो). मामी म्हणाली, मी नुसती बघायला येते. नुसत्या बघायला आलेल्या मामीने पोचल्या पोचल्या माझी काठ्यांची पिशवी खांद्याला लावली आणि दुसऱ्या खळग्यापासून सल्ले सुरू केले (सांगायला लाज वाटते, पण बरोबर ठरत होते). शेवटच्या खळग्याला मी एका फटक्याने पुढे. माझा चेंडू चिखलात जाऊन बसला. मी पोचेपर्यंत मामीने तो उचलून, रुमालाने लख्ख पुसून, कोरड्या गवतावर छान मांडून ठेवला होता. म्हणाली, ‘हात घाण झाले असते रे तुझे.’

मी चेंडू परत चिखलात ठेवला, खेळलो आणि तेवढ्या एका फटक्याने जिंकलो. पण डॉक्टरांनी नियमावर बोट ठेवलं. थांबलेला चेंडू त्रयस्थाने हलवला तर दंड नाही. आपल्या कॅडीने, म्हणजे पिशवी वाहणाऱ्याने हलवला तर एक फटका दंड. म्हणजे बरोबरी, आणि पुन्हा खेळा. समितीने विचारलं, या बाई तुमच्या कोण? मी चषकाकडे बघत म्हणालो, ‘कोणी नाही, बघायला आल्यात.’ मामी मागेच उभी होती. तिने पिशवी हळूच खाली ठेवली आणि एकटी घरी निघून गेली.

तेव्हापासून ती मला ‘अहो’ म्हणते. ‘अहो, आपल्याला पाणी हवंय का?’ मामा, माझ्या प्रत्येक तापात जी उशाशी बसली, तिच्या तोंडून हे ऐकवत नाही. घास उतरत नाही. तुम्ही इतकी वर्षं पंच होतात. नियमापुरतं ‘त्रयस्थ’ म्हटल्याने कोणी परकं होत नाही, एवढं तिला समजावून लिहा.

तुमचा भाचा

ता. क. पत्र टाकवेना. आत्ताच समितीला सांगून आलो, ती माझी मामी, पिशवी तिच्याकडेच होती, दंड लावा. लावला. पुन्हा खेळलो, डॉक्टर जिंकले. मामी ‘अरे गाढवा’वर आली आहे. फार बरं वाटलं.

ता. क. आणखी एक. ती इतकी खूश आहे, की यापुढे दर रविवारी पिशवी तीच घेणार म्हणते आणि परतीचा बेत तिने रद्द केलाय. मामा, जरा आजारी पडता का? फार नको, तिला धावत यावंसं वाटेल एवढंच.