विद्यार्थी क्रमांक दोन

३ जून

"चालेल."

हा शब्द आज किती वेळा ऐकला, देव जाणे. विज्ञान? चालेल. वाणिज्य? चालेल. बारावीचा निकाल लागून आठवडा झाला, पण चिरंजीव अजून सोफ्यावर आडवेच. शेवटी वैतागून म्हटलं, स्मशानाशेजारचं कॉलेज मिळालं तर? मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "शांत असेल. चालेल."

ह्यांच्याकडे तक्रार केली, तर वर्तमानपत्राआडून उत्तर आलं – "दगडापेक्षा वीट मऊ. मिळेल ते घेऊन टाका." घेऊन टाका! कॉलेज आहे की बटाटे?

५ जून

आमचे दाताचे डॉक्टर म्हणाले, एक साइट आहे. गुण भरायचे, आवडीनिवडी भरायच्या, प्रवेश कुठे मिळू शकेल ते ती सांगते. त्यांच्या मुलीचं तिथूनच जमलं. बघते.

रोज दुपारी त्यांच्याच दवाखान्यात फोन घ्यायची नोकरी करते मी. "दवाखान्यातून बोलतेय, कोणाची वेळ हवी?" – सारखं हेच. तोंडात कापूस कोंबलेला माणूससुद्धा हुं हुं करून कुठला दात दुखतोय ते सांगतो. माझ्या मुलाचं काय दुखतंय ते मात्र मला कळत नाही.

६ जून

बसलो दोघं. म्हणजे मी बसले, तो शेजारी लोळला. आधी दहा मिनिटं माझा चष्मा शोधण्यात गेली, तो डोक्यावरच होता. त्यावर हसायला बरा उत्साह होता साहेबांना!

गुण भरले – बासष्ट टक्के. मग आवडी. पानभर चौकटी, हव्या त्यांवर खूण करायची. ग्रंथालय? चालेल. परिसर? चालेल. मग मीच सपाटा लावला. जुनी इमारत, भरपूर झाडं, मोठी प्रयोगशाळा, अभ्याससहली. विषय – भूगर्भशास्त्र.

"वसतिगृह" आलं आणि हा चक्क उठून बसला. "हो."

मी "नको"वर खूण केली.

"आई, मी हो म्हणालो."

ज्याला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, तो वसतिगृहात काय दिवे लावणार, म्हटलं.

मग त्याने अख्खं पान वाचलं. "हे कुणासाठी भरतेयस? दगडधोंड्यांचा अभ्यास मला कधीपासून आवडायला लागला? खिडकीत दगड मांडून ठेवलेत ते तू. तूच जा ना मग."

आणि गेला उठून.

राग आला. खरं बोलला म्हणून जास्तच आला. दगड माझेच आहेत. बारावीनंतर वडिलांची बदली झाली, नव्या गावात तो विषय नव्हता, मग लग्न झालं – राहूनच गेलं ते.

७ जून

तूच जा म्हणे! खरे गुण कसे दिसतात ते दाखवावंच म्हणून "नवीन विद्यार्थी जोडा" दाबलं आणि माझे भरले. बारावी, एकोणऐंशी टक्के. फोन नंबर दवाखान्याचा दिला, घरी कोण त्यांचे फोन घेत बसणार. पुढे पालकाचं नाव. ते भरल्याशिवाय पान हलेना. आता माझे पालक कुठून आणू? आईही नाही, वडीलही नाहीत. तिरीमिरीत चिरंजीवांचंच नाव ठोकून दिलं, नंबरासकट.

यादी आली. तीन कॉलेजं. पहिल्यापुढे – "प्रवेशाची शक्यता: चांगली. सकाळचे वर्ग. वयाची अट नाही." आपल्या घरापासून सरळ बस जाते तिथे.

पुन्हा वाचलं. मग बंद केलं. बैल गेला नि झोपा केला, ह्याला काय अर्थ आहे.

१० जून

अबोला. भांडी तेवढी बोलतायत.

११ जून

जेवताना त्यानेच तोंड उघडलं. "कुठलंही कॉलेज चालेल असं म्हणतो, कारण मला जे हवंय ते तू विचारतच नाहीस. मला एकटं राहून बघायचंय. आणि गाड्यांचं शिकायचंय. इंजिनं वगैरे."

इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मग आधी का नाही बोललास?" तो म्हणाला, "आईने नको केलं असतं."

केलंच असतं. हा गेल्यावर संध्याकाळी घरात आवाज कुणाचा असणार, ही माझी भीती. टॉवेलचं निमित्त होतं.

१३ जून

उद्या शेवटची तारीख. दातओठ खात "वसतिगृह – हो" केलं. विषय त्याने स्वतः भरले. चहा निवायच्या आत त्याने कॉलेजही निवडलं! मोटारदुरुस्तीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, शक्यता उत्तम, घरापासून चार तास. आठवडाभर मी कुणाशी डोकं फोडत होते?

मग म्हणाला, "इथे विद्यार्थी क्रमांक दोन कोण आहे?"

चुकून झालंय ते, खोडून टाक, म्हटलं. मी भाजी परतायला आत गेले. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला होता.

"खोडलंस का?"

"हं."

१९ जून

झालं. मिळालं त्याला. वसतिगृहासकट. पोरगा खोलीभर नाचला. मी दोन टॉवेल आणले, एक हरवण्यासाठी. रडू आलं ते मोरीतच उरकलं.

२१ जून

दुपारी फोन. "दवाखान्यातून बोलतेय, कोणाची वेळ हवी?"

पलीकडची बाई म्हणाली, वेळ नकोय, कॉलेज निवडीच्या साइटवरून फोन केलाय. "पालकांशी आमचं बोलणं झालंय. त्यांची पूर्ण संमती आहे. फक्त वसतिगृह नको म्हणाले, तिला स्वतःचा चष्मा सापडत नाही. आता विद्यार्थिनीशी बोलायचं होतं. आहे का ती?"

आतल्या खोलीत डॉक्टरांचं यंत्र घरघरत होतं. दुसरा फोनही वाजायला लागला. वाजू दिला.

"बोलतेय," म्हटलं.