काकवी, रूमी टोपी आणि माझा उजवा हात

निंबर्गा, सोमवार

प्रिय शरणक्कास कमळीचा दंडवत. दाजींना नमस्कार, म्हशीला गोंजारणं. तुझी तब्येत सुधारत असेल. इकडं सगळी खुशाल.

मागच्या वर्षी मिशनच्या दवाखान्यात माझी उजवी छाती काढली, ते तुला ठाऊकच. (डॉक्टरीणबाई त्या गाठीला कॅन्सर म्हणायच्या.) गाठ गेली, पण घरी येऊन मी कोठीत बसले ती बसलेच. आरसा पालथा घातला. हात खांद्याशी शिवल्यागत झालता. बाईंनी बजावलं होतं, रोज बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवा, न्हाई तर हात आखडून जन्मभर दुखेल, आणि एकटं बसू नका. मी दोन्ही ऐकलं न्हाई. लहानपणी कडगंचीला आपण कशा होतो, आठवतं का? तू बोरीवर, मी खाली परकराचा ओटा पसरून. (तुझी आई आली की बोरं माझ्या ओट्यात आणि मारही मलाच.) त्या पोरी कुठं गेल्या म्हणून दिवसभर रडायची.

माझी नणंद कलाबाई तोंडानं फटकळ, समजूत घालणं तिला जमत न्हाई. तिनं काकवीचं मडकं उचललं आन् रोज थोडं थोडं वर ठेवायला लागली. भाकरीबरोबर मला काकवी लागतेच. "कामून देत न्हाईस हातात?" म्हटलं, तर म्हणे, "तुझा हात कुठं गेलाय?" मी रागानं बोटं चढवायची. डोळ्यात पाणी यायचं, पण काकवी मिळायची.

शेवटी मडकं मधल्या भिंतीच्या माथ्यावर गेलं. (आमची ती भिंत आढ्याला टेकत न्हाई.) त्या दिवशी पलीकडं बैठकीत महसुलाचे गिरदावरसाहेब शेतसाऱ्याचं बोलायला आलेले. मी बोटं चढवत गेले, मडक्याला लागली, आणि मडकं पलीकडं गेलं! "या अल्ला, ये क्या बला है!" दाराच्या फटीतून बघते तर रूमी टोपी, दाढी, कागद, सगळं काकवीत, आणि आमचे हे उपरण्यानं साहेबांची दाढी पुसायलेत. अक्का, मी हसले. जखमेचा वण ओढला, तरी हसले. कलाबाईही हसली, मग मला धरून रडली. म्हणाली, "वैनी, किती दिवसांनी आलीस गं."

आता वेणी माझी मीच घालते. एखाद्या दिवशी अजून उठवत न्हाई. मग कलाबाई हाका मारत राहते, आणि मी वैतागून उठते.

तुझी,
कमळी

ता. क. दाजींचं पत्र आलंय. तुझंही तेच आपरेशन झालं, हात पोटाशी धरून खोलीत बसतीस, कुणाशी बोलत न्हाईस, व्हय ना? उद्यापासून बोटं भिंतीवर चढव. माझ्यासाठी चढव.

आणखी ता. क. गुरुवारच्या मोटारीनं आम्ही दोघी हुलसूरला यायलोय. दार उघडं ठेव. (बंद ठेवलंस तरी हरकत न्हाई, कलाबाईनं पहार बांधून घेतलीय.)