प्रणालीची बोटं

सक्करदरा, नागपूर
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय चारू,

तुझा गुडघा आता वाकत असेल, पुण्यात थंडी असेल, सूनबाई बरी वागत असेल. मी ठीक आहे. शाळेतून रिटायर झाल्यापासून दोन्ही वेळ ग्राउंडवरच असते. झाली विचारपूस.

फोन का नाही केला म्हणशील. निवड समितीवर गेल्यापासून तू "मीटिंगमध्ये आहे गं" म्हणून फोन ठेवून देतेस. पत्र काही तुला तसं ठेवता येणार नाही.

गुरुवारी तुमची महिला संघाची यादी वाचली आणि शिसारी आली. दुसरा शब्द नाही. तीन स्पिनर निवडल्यात आणि तिघींपैकी एकीचाही चेंडू वळत नाही. सपाट, भरभर, पायाशी टाकायचे आणि षटक उरकायचं. मग निवडल्या कशाला? तर आठव्या नंबरवर येऊन वीस धावा काढतात म्हणून. शिंपी स्वयंपाक चांगला करतो म्हणून त्याच्याकडे ब्लाउज शिवायला टाकतेस का तू? वर ते निवेदन, "संघाचा समतोल". हा शब्द ज्याने शोधला त्याला एकदा आमच्या खेळपट्टीवर उभं करायचंय मला.

आमचे माळी भैय्याजी पंधरा वर्षं इथं पाणी मारतात. मोबाइलवर यादी बघून मला म्हणाले, "मॅडम, ह्या स्पिनर हायेत का बॅटर? ह्याईले बॉल काहून देऊन राहिले?" माळ्याला कळतं ते तुम्हा पाच जणींना कळू नये?

माझी प्रणाली त्या यादीत नाही. खाप्याची पोर, तेवीस वर्षांची, सात वर्षं एसटीने येते माझ्याकडे. या हंगामात एकोणतीस बळी घेतले तिने. तिचा लेगस्पिन तू पाहिला नाहीस. मी बांबूंना दोरा बांधते तो आठवतो ना, माझ्या बाबांच्या हातमागावरचा? खेळपट्टीच्या मध्यावर, नजरेच्या वर ताणलेला. इथं माझ्याबरोबर खेळायचीस तेव्हा तूही त्याच्यावरून चेंडू टाकायला शिकलीस. प्रणालीचा चेंडू त्या दोऱ्यावरून जातो आणि पलीकडे असा पडतो की फलंदाज पाय पुढे टाकून फसलेली असते. बघताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

शुक्रवारी ती नेहमीसारखी आली. दोरा बांधला, दोन तास टाकत राहिली. पाणी प्यायला बसली तेव्हा विचारलं, "मॅडम, माह्यात काय कमी पडलं?"

मी म्हटलं, "तुह्यात काही कमी नाही वं. राजकारण हाय सगळं."

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "राजकारणच असन तं मी काय करू? घरचे म्हणून राहिले, बँकेची परीक्षा दे. महिनाअखेर क्लास लावतो. मंग येनं होनार नाही."

काल दिवसभर मी तुम्हाला शिव्या घातल्या. आज सकाळपासून हे पत्र लिहितेय, आणि इथवर येऊन पेन अडलंय.

चारू, डिसेंबरात तुझा फोन आला होता. "तुझी ती लेगस्पिनर कशी आहे? खरं सांग." (पुण्यात राहून तुझं 'काहून' पार गेलं.) मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे. "बॉलिंग चांगली हाय, पण फिल्डिंग कच्ची हाय. सध्या नोको घेऊ." तू म्हणालीस, "आपल्याच मुलीबद्दल असं बोलणारं माणूस मिळत नाही गं आजकाल." आणि मला इतकं बरं वाटलं! दोन दिवस मी त्या कौतुकावर तरंगत होते. कौसल्या आपल्या पोरीची वकिली करते असं कुणी म्हणू नये, एवढीच माझी धडपड होती. आता आठवलं की तोंड कडू होतं.

आणि पुढचं तर तुला सांगितलंच नव्हतं. तिची फिल्डिंग कच्ची आहे कारण मी तिला ती कधी करूच दिली नाही. आमचे बाबा बोटांना इतके जपायचे की विळीवर कांदासुद्धा चिरत नसत. बोट कापलं की आठवडाभर माग बंद. तेच वेड मी ग्राउंडवर आणलं. बाकीच्या मुली झेल घ्यायच्या, डाइव्ह मारायच्या, आणि प्रणालीला मी दोऱ्याजवळ उभी करायचे. "बोट मोडन तुहं, इकडं ये." सात वर्षं. पोरीने एकदाही उलट विचारलं नाही.

म्हणजे खोट मी केली, तुला ती तिची म्हणून सांगितली, आणि तिला सांगितलं राजकारण. राजकारणावर तिच्याकडे इलाज नाही, म्हणून ती सोडून चालली आहे. फिल्डिंग मात्र सहा महिन्यांत सुधारली असती.

तूही काही कमी नाहीस. एक फोन केलास आणि काम झालं म्हणालीस. येऊन बघायचं होतंस. पण तुला बोलायला मला आज तोंड नाही.

हे पत्र उद्या आधी तिला वाचून दाखवते. मग पोस्टात टाकीन.

सोमवार

वाचून दाखवलं. बांबूजवळ उभी राहून तिने सगळं ऐकलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "चारुलता मॅडमले सांगतलं, मले काहून नाही सांगतलं?"

मी पत्राची घडी घातली.

तिने दोरा सोडला, नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "हा आता नोका बांधू." मग भैय्याजींना बॅट दिली आणि झेल उडवायला लावले. मी बाकावर बसून होते. पहिले सात सुटले. आठवा उजव्या हाताच्या बोटावर बसला. मी धावत गेले तर तिने मूठ मिटून पाठीमागे नेली. "काही नाही झालं मॅडम," म्हणाली, आणि भैय्याजींना म्हणाली, "अजून मारा." ज्या बोटाने ती चेंडू वळवते तेच ते बोट. मला बघू दिलं नाही तिने.

उद्याही येणार आहे. बँकेच्या क्लासचं काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

जूनमध्ये इकडे ये, चारू. तिच्याबद्दल मला काही विचारू नकोस. बाकावर बस आणि तुझ्या डोळ्यांनी बघ.

जिला कुणी निःपक्षपाती म्हणू नये अशी,
तुझी कौसल्या