शनिवारची खीर

स्टाव्हांगर, रविवार

टोर्लाइफ,

काल दुपारी तुझा फोन आला. "तेलविहिरीचा नवा प्लॅटफॉर्म जुन्याला पुलाने जोडायचाय गं, वारा पडेपर्यंत समुद्रात जुन्यावरच अडकलोय," म्हणालास. मी विचारलं, "जेवलास का?"

"हो, कॉड मासा होता. झकास!"

काल शनिवार होता. लग्नाआधी मी त्याच जुन्या प्लॅटफॉर्मवर स्वयंपाकीण होते, विसरलास? शनिवारी दुपारी तिथे सगळ्यांना जेवायला फक्त तांदळाची खीरच असते, दुसरं काही नाही. भर वादळातही मी तीच ढवळायचे, आणि तू दुसऱ्यांदा मागायला यायचास.

हे पत्र टाकणार नाही, तू सावध होशील. घरी आलास की पुढ्यात खीर ठेवून म्हणेन, "शनिवारची चुकली ना रे तुझी?" मग नुसती तुझ्या तोंडाकडे बघत बसेन.

अजून तरी तुझी,
रांगहिल्ड