चिमी जेवत नाही

मंगळवार, संध्याकाळ. वडवणी.

चिमीनं आजही ताटलीला तोंड लावलं नाही. शनिवारी बीडच्या प्राण्यांच्या आश्रमातून आणली ही कुत्री. तिला कायमचं घर मिळेपर्यंत महिनाभर सांभाळायची, एवढंच. किती हौसेनं हो म्हणाले होते मी! तेव्हापासून ती शिलाई मशीनखाली भिंतीकडं तोंड करून बसलीय. पाणी पिते, तेही मी खोलीत नसताना. दूधभाकर, उकडलेलं अंडं, सगळं ताटलीत तसंच वाळतं. मी जवळ गेले की थरथरते. माझं काय चुकतंय?

आज चौथ्यांदा ताटली धुताना मोरीतच रडू आलं. उपाशी मेली तर? शेवटी आश्रमातल्या ताईंना फोन लावला.

"मला जमत न्हाई ओ. उद्या घेऊन जा तिला."

"घाबरलीय ती. थोडी वाट बघा," त्या म्हणाल्या. पण माझा धीरच संपला होता.

तेवढ्यात ह्यांनी हातातून फोन घेतला. "कुत्रं घरात कशाला?" म्हणत शनिवारपासून तोंड फुगवून बसलेला माणूस! म्हणाले, "ताई, राहू द्या. आमी बघतो."

मी चिडले. "तुमी काय बघणार? तीन दिवस उपाशी हाय ती!"

"लगीन होऊन आलतीस तवा तू किती दिस जेवली न्हवतीस? आई तुला माहेरी धाडायला निघाली होती. मीच म्हणलं, राहू दे, होईल सवय."

सव्वीस वर्षांनी आज हे कळतंय मला. धुतलेली ताटली पुन्हा भरून ठेवलीय, ती अजून तशीच आहे. पण उद्या चिमीला कुठंही पाठवायचं नाही.