पंधरा मीटरची केबल

४ मार्च, मंगळवार

पुन्हा पडदा काळा! घरी बाबांच्या पलंगासमोर प्रोजेक्टरवर सिनेमा लावून दहा मिनिटं होत नाहीत तोच चित्र गेलं. बाबांचा उजवा हात दचकला. एकतीस वर्षं टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवलेला माणूस, पडदा कधी काळा पडू दिला नाही — आणि त्याच्यापुढे मी हे दाखवतेय.

व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "दचकणं मोजायचं नसतं हो. महिनाअखेरपर्यंत स्वतःहून काही हललं, तर आशा." अर्धांगाचा झटका येऊन सात आठवडे झाले. शब्द नाही, नजर नाही. त्यांचा सिनेमा नीट दिसला तर कदाचित — एवढंच माझ्या हातात आहे.

५ मार्च

हॉलमधल्या लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंतची लांब केबलच दगा देतेय, म्हणून दुकानात सोन्याचा मुलामा दिलेली केबल मागितली. दुकानदार हसला. "ताई, सोन्याने चित्र गोरं होत नाही. डिजिटलचं कसं — येतं तर पूर्ण, नाही तर काहीच नाही. पंधरा मीटरला तांब्याची केबल दमते. काचेच्या तारेची, फायबरची न्या."

येतं तर पूर्ण. बाबा मधेच कुठेतरी अडकलेत, आणि मी दुकानं पालथी घालतेय. रस्त्यातच रडू आलं.

७ मार्च, शुक्रवार

दिवसभर खपून केबल भिंतीवरच्या पट्टीत बसवली. चित्र शून्य! दुकानदार फोनवर — "टोकं उलटी लावलीत का? हिला दिशा असते." असते म्हणे! टोकावर लिहिलं होतं, हे खरं. मला घाई. सगळं उपसलं. बाबा छताकडे बघत पडून.

८ मार्च

चित्र आलं. लख्ख. अडीच तासांत एकदाही गेलं नाही.

बाबा दगडासारखे.

१० मार्च

रोज लावते. आता हात दचकतसुद्धा नाही. होतं नव्हतं तेही मीच घालवलं का? कुणाला विचारू?

१२ मार्च, बुधवार

बाईंनी सहज विचारलं, "त्या मशीनवर हाताने काय करायचे हे?" सांगता सांगता मीच थांबले. जुन्या प्रोजेक्टरचा दिवा म्हणजे दोन कार्बनच्या कांड्या. जळून आखूड झाल्या की पडदा काळवंडायचा. मग बाबा उजव्या हाताने मूठ फिरवून कांडी पुढे सरकवायचे. लहानपणी केबिनमध्ये स्टुलावर बसून शंभरदा पाहिलंय मी.

तो हात दचकत नव्हता.

१३ मार्च

जुनी तांब्याची केबल परत लावली. चित्र तीनदा गेलं. तीनदा बाबांची मूठ फिरली. बाई मोजत होत्या.